मदत हवी आहे: लष्करी अळीच्या सापळ्यात भलतेच पतंग

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मक्यात अमेरिकन लष्करी अळीचे कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावलेत. त्यांच्या ल्युरमधला (गंधाच्या आमिषातला) मुख्य घटक झेड-९-टेट्राडेसिनिल ॲसिटेट मिथिम्ना लोरेयी या दुसऱ्या जातीच्या पतंगाच्या गंधातही असतो, त्यामुळे तेही शिरतात. गंधावरून जात ठरवणं धोक्याचंच. त्यात पावसात खवले झडून पंख नुसते चहाच्या चोथ्यासारखे!

म्हणून नराचे जननावयव पाहतो: पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवलं की क्लास्पर (मादीला पकडायचे अवयव) स्वच्छ दिसतात. जास्त राहिलं तर पातळ पडदे चिमटा लागताच फाटतात. डीएनएसाठी एक पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पण सीओआय या जात ओळखायच्या जनुकाच्या ६५८ बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुकड्याचा जेलवरचा बँड (पट्टा) फिकट येतो. सापळे आठवड्याने रिकामे होतात, दमटपणात डीएनए तुटत असेल का? लोरेयी आणि तिच्याच गटातल्या मिथिम्ना सेपराटाचे नर क्लास्परच्या नेमक्या कुठल्या भागावरून ओळखता? फोटो असल्यास टाका.