मदत हवी आहे: फ्रेंच मालवाघिणीच्या सुट्या भागांना इंग्रजीत नक्की काय म्हणायचं?

दोन_रुळांमध्ये (धागाकर्ता)

वाय-२५ बोगीवरच्या (बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची फिरती चौकट; वाय-२५ हा तिचा युरोपातला प्रकार) मालवाघिणींची देखभाल-पुस्तिका फ्रेंचमधून इंग्रजीत न्यायची आहे. वाचणारे मुंबईतले वाघीण-दुरुस्तीचे इंजिनिअर, म्हणजे भारतीय रेल्वेच्या बोलीत मुरलेले. मशिन भाषांतरात ब्राँकारचं स्ट्रेचर झालं, बुदँचं सॉसेज आणि त्राव्हेर्स द तेतचा ‘हेड स्लीपर’! अडलेले शब्द (उच्चार देवनागरीत देतोय): तोंबरो, ब्राँकार, त्राव्हेर्स, क्रापोदीन, लिस्वार, एस्यो, सेमेल, सेराज, कोंद्वीत जेनेराल.

परळ_शॉप

आधी एक ठरवा: ब्रिटिश इंग्रजी की अमेरिकन? तुमच्या वाचकांसाठी ब्रिटिशच. तोंबरो म्हणजे मुळात माती वाहायची गाडी. वाघिणीत ती उंच बाजूंची उघडी वाघीण, म्हणून ‘ओपन वॅगन’. शब्दकोशात ‘गोंडोला’ सापडेल, तो अमेरिकन. कुव्हेरला ‘कव्हर्ड वॅगन’ लिहा, ‘बॉक्सकार’ नको. आपल्याकडच्या बॉक्स-एनशी तर गोंधळ हमखास होईल, कारण ती चक्क उघडी वाघीण आहे.

ब्राँकार म्हणजे अंडरफ्रेमचा (वाघिणीच्या तळाच्या सांगाड्याचा) लांबीतला बाजूचा तुळईवजा भाग, ‘सोलबार’. त्राव्हेर्स द तेत म्हणजे टोकाचा आडवा भाग, ज्यावर बफर बसतात: ‘हेडस्टॉक’. नुसतं त्राव्हेर्स आलं तर प्रकरण कोणतं ते बघा. रुळांच्या संदर्भात तोच शब्द खरोखर स्लीपर असतो, त्यामुळे मशिन अगदीच वेडं नाही. बुदँ म्हणजे चाकाची फ्लँज, रुळावरून घसरू न देणारी कड.

क्रापोदीन ‘सेंटर पिव्हट’, म्हणजे वाघीण बोगीवर टेकते आणि वळते तो मधला सांधा; लिस्वार ‘साइड बेअरर’, म्हणजे बाजूचा टेकू. इथे सावध राहा. आपली कॅसनब बोगी तीन तुकड्यांची, तिचा बोल्स्टर, म्हणजे मधला आडवा भाग, स्प्रिंगांवर हलतो. वाय-२५ची फ्रेम एकसंध, स्प्रिंगा थेट अ‍ॅक्सलबॉक्सपाशी. तिला हलता बोल्स्टर नाहीच. म्हणून बोगी-फ्रेमच्या त्राव्हेर्सला ‘बोल्स्टर’ लिहिलं तर फिटर नसलेला भाग शोधत बसेल. ‘ट्रान्सम’ लिहा. ‘बॉडी बोल्स्टर’ फक्त वाघिणीच्या अंडरफ्रेममधल्या त्राव्हेर्स द पिव्होला. तसंच आनो लनुआर म्हणजे ‘लनुआर लिंक’, स्प्रिंगांची उसळी घर्षणाने आवरणारा भाग. ते काम आपल्याकडे फ्रिक्शन वेज करते, पण भाग वेगळा, म्हणून नाव बदलू नका.

दोन_रुळांमध्ये

एस्योला सगळीकडे ‘अ‍ॅक्सल’ चालेल का?

परळ_शॉप

नाही. शार्ज आ लेस्यो म्हणजे ‘अ‍ॅक्सल लोड’, तिथे ठीक. पण ‘एस्यो काढा’ असं आलं तर बहुधा चाकांसकट काढायचा असतो: ‘व्हीलसेट’. पूर्ण नाव एस्यो मोंते. नुसता दांडा असेल तर एस्यो-आक्स.

बांद्रा_यार्ड

ब्रेकच्या प्रकरणात खरी मेख आहे. सेराज म्हणजे बोल्टच्या बाबतीत ‘टायटनिंग’ आणि ब्रेकच्या बाबतीत ‘अ‍ॅप्लिकेशन’. देसेराजसुद्धा तसंच: बोल्ट ‘सैल करणं’, ब्रेक ‘रिलीज’ करणं. दोन्ही प्रकरणं एकाच पुस्तिकेत असतील, तेव्हा ‘शोधा आणि बदला’ चालवलं की वाट लागली. कूप्ल द सेराज दिसलं तर बेधडक ‘टायटनिंग टॉर्क’.

कोंद्वीत जेनेराल म्हणजे ‘ब्रेक पाइप’, ५ बारचा. त्यातला दाब उतरला की ब्रेक लागतो. ‘जनरल पाइप’ कुणाला कळणार? आणि कोंद्वीत प्रँसिपाल हा त्याचा समानार्थी नव्हे, तो ‘मेन रिझर्व्हॉयर पाइप’. युरोपातल्या बहुतेक मालवाघिणींवर तो नसतोच. आपल्या ट्विन-पाइप वाघिणींचा फीड पाइप कामाने त्याच्या जवळचा, पण त्यात ६ किलो प्रति चौ. सेंमी दाब असतो, युरोपात त्याहून जास्त. म्हणून ‘फीड पाइप’ लिहू नका, फार तर तळटीप द्या.

सेमेल म्हणजे ‘ब्रेक ब्लॉक’, पोर्त-सेमेल म्हणजे तो धरणारा ‘ब्रेक हेड’. सेमेल आँ फोंत म्हणजे कास्ट आयर्नचा ब्लॉक. आस्ये मूले मात्र कास्ट स्टील. हे दोन अदलाबदल झाले तर स्टोअरवाला चुकीचा भाग मागवेल. तिमोनरी ‘ब्रेक रिगिंग’, म्हणजे ब्रेकचे दांडे आणि तरफा; ब्लॉक झिजल्यावरची ढिलाई भरून काढणारा रेग्लर ‘स्लॅक अ‍ॅडजस्टर’.

स्वल्पविराम

आकडे तपासलेत का? फ्रेंचमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांश. २२,५ टन म्हणजे साडेबावीस. हजारासाठी ते मोकळी जागा सोडतात: १४ ०४० मिमी. जुन्या पानांवर बळ डेकान्यूटनमध्ये असेल. १०० डेकान्यूटन म्हणजे १ किलोन्यूटन. बार सरळ किलोत बदलू नका, ५ बार म्हणजे सुमारे ५.१ किलो प्रति चौ. सेंमी. मूळ एकक ठेवून शेजारी रूपांतर द्या.

गाबारी आणि एकार्तमाँ दोन्हींना इंग्रजीत ‘गेज’च येतं. पहिलं ‘लोडिंग गेज’, म्हणजे वाघिणीच्या रुंदी-उंचीची मर्यादा; दुसरं ‘ट्रॅक गेज’, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नुसतं ‘गेज’ लिहून सुटू नका.

शब्द पडताळायला युरोपीय संघाचा मालवाघिणींवरचा २०१३चा ३२१ क्रमांकाचा नियम उघडा. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही फुकट मिळतात, कलमांचे क्रमांक सारखेच. शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोषांच्या नावांसाठी वाघीण वापराच्या सामायिक कराराचं ९ क्रमांकाचं परिशिष्ट त्याहून उत्तम. तिथे प्रत्येक बिघाडाला कोड आहे, म्हणजे दोन भाषांतले शब्द अचूक जुळवता येतात. कॅनडाचा सरकारी शब्दसंग्रहही चांगला, पण तो अमेरिकेकडे झुकतो. गोंडोला तिकडूनच येतो.

दोन_रुळांमध्ये

सेराज सगळीकडे ‘टायटनिंग’च झालाय. ब्रेकचं प्रकरण परत उघडतो.