मदत हवी आहे: अडीच वर्षांचा मुलगा बोलत नाही, ऐकू येतं का बघायची बेरा टेस्ट कुठे करू?
माझा मुलगा अडीच वर्षांचा झालाय पण आई, बाबा आणि मम सोडून काहीच बोलत नाही, हवं ते बोट धरून नेऊन दाखवतो. सासूबाई म्हणतात ह्याचे बाबा पण उशिराच बोलले, पण परवा मागे स्टीलचं ताट पडलं तरी ह्याने वळून बघितलं नाही आणि मोबाईलवरचं गाणं मात्र लगेच कळतं, मला तर काही सुधरत नाहीये. डॉक्टरांनी ओएई आणि बेरा या कानाच्या दोन तपासण्या सांगितल्यात, बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं म्हणे आणि हा पठ्ठ्या दुपारचा झोपतच नाही! आम्ही साताऱ्याचे. बांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत कोणी मुलाला नेलंय का, एका दिवसात सगळं होतं की मुक्काम करावा लागतो? की आधी सिव्हिलमध्येच दाखवू? आणि स्पीच थेरपी लागलीच तर आठवड्यातून किती वेळा जावं लागतं तेही सांगा प्लीज.