तालमीत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम ठेवला, आली नऊ माणसं. काय चुकलं?

पेठेतला गडी
आमची तालीम कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, म्हणून व्याख्यान ठेवलं. फ्लेक्स लावला, दीडशे खुर्च्या मांडल्या. माणसं नऊ, त्यात पाच आमचीच आणि एक साउंडवाला. चहा दीडशे जणांचा उकळलेला, तो शेवटी रिक्षा स्टॉपवर वाटला.

हा विषय डोक्यात का बसला ते सांगतो. तालमीतलाच एक पोरगा, चांगला पैलवान. गुडघा गेला, कुस्ती सुटली. मग रात्री छातीत धडधड. तीनदा ईसीजी काढला, नॉर्मल. घरच्यांनी नजर उतरवली. मी म्हटलं मानसोपचारवाल्याला दाखवू, तर "मला येडा ठरवतोस व्हय?" म्हणून महिनाभर बोलला न्हाई. शेवटी गेला, मी बाहेर बाकड्यावर बसून होतो. आता गोळी चालू आहे, झोपतो. पण हे तालमीत फक्त मला माहीत.

माणसं आणायची कशी?

करवीरची आशाताई
दादा, माणसं आणायची कशाला, आपणच जायचं. मी गावात आशा सेविका म्हणून काम करतो. (बाईच आहे, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये. आमच्यात असंच बोलतात.) २०१९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकडं घरोघरी फिरलो. "ताण येतो का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाई, बरं हाय." मग विचारायला लागलो, "पाऊस लागला की झोप लागती का?" एक मावशी भांडी घासायची थांबली. म्हणाली, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाल्याचं मोबाईलवर आलं की मी पोती माळ्यावर चढवतो, घरातली हसत्यात. ३९ म्हणजे नुसती इशारा पातळी, धोका ४३ ला. पण तिचं पाणी तिथंच दारात आलेलं असतं. तासभर बोलली.

डेअरीवर दूध घालायला रांग लागते ना, तिथं उभं राहा. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका मोकळ्या असतात. फ्लेक्सवर 'मानसिक' लिहू नका. झोप, भूक, धडधड, एवढंच बोला.

सुपारीचा डबा
ताईंचं निम्मं पटलं. आईच्या गोळ्या बारा वर्षं चालू आहेत. बहिणीचं लग्न ठरेपर्यंत आम्ही त्या सुपारीच्या डब्यात ठेवायचो, पाहुण्यांना दिसायला नकोत म्हणून. झोपेपासून बोलणं सुरू करा, पण पुढं आजाराचं नाव घ्यायचंच नाही असं केलंत, तर तो आमचाच डबा झाला की. गेल्या वर्षी आईच भिशीत बोलली, "मला डिप्रेशन आहे, बीपीची असते तशी गोळी आहे." सगळ्या गप्प. कुणीतरी पोह्यांचा विषय काढला. पण पुढच्या भिशीला दोघींनी तिला जिन्यात गाठून डॉक्टर विचारला. डॉक्टरांच्या तासभर भाषणानं हे झालं नसतं.

तुमच्या त्या पैलवान पोराला विचारून बघा, बोलतो का. गळ मात्र घालू नका.

कट्टेकरी
तीन गोष्टी. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, खाजगी परवडत नसेल तर तिथं जा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. आणि जिवाचं बरंवाईट करायला गेलेल्याला "पोलीस केस होईल" म्हणून घरात दडवतात, ते थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात. आधी दवाखान्यात न्या.

जाता जाता, तालमीत कुणी 'येडा' म्हणून खेचत असेल तर आधी त्याला आवरा. मी पण खेचायचो.

पेठेतला गडी
आज जोर झाल्यावर पोराला विचारलं. आधी शिवी हासडली. मग म्हणाला, "दहा जणांपुढं न्हाई बोलणार. कोण एकटा आला तर माझ्याकडं पाठव." १४४१६ चा कागद नळाजवळ लावलाय. परवा डेअरीवर जातोय, ह्यावेळी चहा मोजून.