योग आणि ट्रेक एकत्र असलेलं सात दिवसांचं शिबिर: गुडघा, उंची आणि छोटा गट

वाटेवरची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वय ४७, दिवसभर बैठं काम. गेली सहा वर्षं रोज सकाळी पाऊण तास आसनं आणि प्राणायाम करते, त्यात सहसा खंड पडत नाही. डोंगर चढले आहे, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढंच. मुक्कामी कधी गेले नाही.

आता आठ जणांच्या एका शिबिराला जायचं मनात आहे. पहिली रात्र २,४०० मीटरवर, दुसरी २,८००, तिसरी ३,४००, चौथी ३,६००, मग उतरायचं. रोज पहाटे दीड तास योग, नंतर पाच-सहा तास चाल, संध्याकाळी पुन्हा तासभर योग. पहाटेच्या सत्रात भस्त्रिका (जोराने भराभर श्वास घेणं-सोडणं), कपालभाती आणि सर्वांगासन आहे.

चढताना दम लागतो पण निभतं. दोन तास उतरलं की मात्र उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणकायला लागतं. दुसरं म्हणजे, नियमित प्राणायाम असल्यामुळे मला विरळ हवेचा त्रास होणार नाही असं आयोजक म्हणाले. हे खरं का? आणि तिसरं, जे मला जास्त सतावतंय: आठच जण आहोत. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर?

मंद_पाऊल

गुडघ्याबद्दल सांगतो, माझाही असाच होता. आधी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून धरतो. आसनांत आपण बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो, त्यामुळे या कामाची त्याला सवय नसते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि भार गुडघ्यावर पडतो. सहा आठवडे आधीपासून पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय अगदी हळू खाली टेकवायचा सराव करा. तीन-चार सेकंद लागली पाहिजेत. दुखायला लागलं तर कमी उंचीची पायरी घ्या. प्रत्यक्ष वाटेवर दोन काठ्या, उतारासाठी थोड्या लांब केलेल्या. पावलं छोटी ठेवा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या. बुटाची लेस घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर पाय पुढे सरकतो आणि नखं काळीनिळी पडतात.

निळी_खिंड

ताई, तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे असं माझं मत आहे.

अशा छोट्या गटांबरोबर मी बरीच वर्षं जाते, आधी शिकायला आणि आता मदतनीस म्हणून. एका शिबिरात आम्ही नऊ जण होतो. तिसऱ्या दिवसापर्यंत घरच्यासारखे झालो होतो, एकमेकांच्या पाण्याच्या बाटल्या न सांगता भरून ठेवत होतो. आणि त्यामुळेच कोणी आपलं दुखणं बोलून दाखवेना. चाळीस जणांत एक मागे पडला तर बाकीच्यांचं फारसं अडत नाही. नऊ जणांत आठ जण आपल्यासाठी वाटेत थांबलेले समोर दिसतात.

आमच्यात पन्नाशीतले एक गृहस्थ होते, साधना चांगली होती. वृक्षासनात एका पायावर मिनिटभर न हलता उभे राहायचे. ३,५०० मीटरच्या मुक्कामावर दुसऱ्या पहाटे त्यांचा पाय तीन वेळा खाली टेकला. शिक्षक म्हणाले, जमीन उतरती आहे. ते स्वतः म्हणाले, झोप झाली नाही. मलाही ते पटलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

सत्र संपल्यावर ते बूट घालायला बसले. लेसची कडी करून दुसरं टोक त्यातून ओवायचं, एवढंच. पण टोक कडीच्या शेजारून जात होतं. दोनदा, तीनदा. मग त्यांनी ते सोडून दिलं आणि बुटाकडे नुसते बघत राहिले. मी त्यांना मॅटच्या लांब कडेवरून चालायला सांगितलं, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत. चौथ्या पावलाला तोल गेला. तेव्हा कुठे म्हणाले की आदल्या दुपारपासून डोकं दुखतंय, रात्री दोनदा उलटी झाली, पण तंबूतल्या सोबत्याची झोप मोडायला नको म्हणून गप्प राहिलो.

उंचीवर असा तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी पडून राहून बरं वाटायची वाट बघणं जिवावर बेततं. उपाय एकच, ताबडतोब खाली. दोघांनी दोन बाजूंनी धरून आम्ही त्यांना ८०० मीटर उतरवलं आणि तिथून दवाखान्यात नेलं. ते बरे झाले.

आता प्राणायामाचं. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के उरतो. या उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात. तुमचा सराव कितीही वर्षांचा असो, तो या दिवसांची जागा घेत नाही. २,५०० मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो, अगदी धडधाकट धावपटूलाही. ३,००० च्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमची २,८०० वरून ३,४०० ही उडी त्यात बसत नाही. दिवसा ३,४०० पर्यंत जाऊन परत २,८०० ला झोपलात तर फार बरं. रक्तदाब किंवा आणखी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा. झोप लागत नाही म्हणून तिथे झोपेची गोळी मात्र घेऊ नका, तिने श्वास मंदावतो.

पहाटेचं सत्र मी पूर्ण बदलायला लावलं असतं. चालीच्या आधी अर्धा तास पुरे: घोटे, खुबे, पाठ मोकळी करायची आणि संथ श्वास. बराच वेळ ताण देणारी आसनं संध्याकाळी, अंग गरम असताना. भस्त्रिकेने खाली घरीसुद्धा कधी चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. वर तेच झालं तर ते प्राणायामामुळे की उंचीमुळे, हे ओळखायचं कसं? कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. डोकं जड असेल तर सर्वांगासन नकोच.

सहज_आसन

मी ३,५०० वर भस्त्रिका केली आहे, काही झालं नाही. उलट थंडीत अंगात ऊब आली. सगळंच वगळलं तर मग योग शिबिर कशाला म्हणायचं?

निळी_खिंड

तुम्हाला त्रास झाला नाही याचा आनंद आहे. पण आठ जणांच्या सत्रात ज्याला रात्रभर डोकेदुखी आहे तोही सगळ्यांबरोबर भस्त्रिका करतो, कारण शेजारचा करतोय. त्याच्यासाठी मी ती वगळते. आणि वृक्षासन रोज ठेवते. जो काल उभा राहिला आणि आज डगमगतोय, त्याला बाजूला घेऊन विचारता येतं.

वाटेवरची ताई, एक राहिलं. आयोजकांना हे नक्की विचारा: एकाला खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जाणार, आणि उरलेल्या सात जणांजवळ कोण थांबणार? एकच जाणकार माणूस असेल तर तो आजारी माणसाला खाली पाठवायला कचरतो. हे मी पाहिलं आहे.

वाटेवरची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल आयोजकांशी तासभर बोलले. सोबत एकच जाणकार होता, आता दुसरा घेत आहेत. २,८०० ला दोन रात्री करायचं ठरलं आणि ३,६०० चा मुक्काम गाळला. भस्त्रिकेबद्दल अजून 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतात. मी त्या वेळी नुसती बसून राहीन असं सांगून ठेवलं आहे.

तंबू कोणाबरोबर आहे तेही विचारून घेतलं. त्यांच्याशी फोनवर बोलले. रात्री काहीही झालं तर एकमेकींना उठवायचं, असं आमचं ठरलं आहे.

पायरीचा सराव कालपासून सुरू केला. उजव्या पायावर आठ वेळा जमतं, नवव्याला घाई होते.