ग्रीनबेल्ट : सरकार गेलं, वस्ती राहिली

सरकारने वसवलेल्या आदर्श वस्त्यांबद्दलच्या इथल्या चर्चेत कोणी म्हटलं, 'सरकारने घरं विकून टाकली आणि प्रयोग तिथेच संपला'; अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या ग्रीनबेल्ट गावाच्या बाबतीत हे मला पटत नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळात अर्थतज्ज्ञ रेक्सफर्ड टगवेल यांच्या हाताखालच्या सरकारी पुनर्वसन खात्याने हे गाव उभारलं. १९३७ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली तेव्हा घरं होती ८८५; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने आणखी सुमारे हजार बांधली. पुढे सरकारने अंग काढून घेतलं, पण १९५२ च्या सुमारास रहिवाशांच्याच सहकारी संस्थेने बहुतेक जुनी घरं विकत घेतली. ती संस्था आजही सुमारे १६०० घरं सांभाळते. घरांच्या रांगांमधली सामाईक हिरवळ, रस्त्याखालून जाणारे पादचारी बोगदे, पायवाटा, सगळं शाबूत आहे. मूळ आराखडा टिकला तो या सामुदायिक मालकीमुळे, असं माझं ठाम मत आहे. घरं सुटी सुटी विकली असती तर त्या हिरवळीचे केव्हाच तुकडे पडले असते.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कोणीच मांडली नाही, आणि ती मला फार लागते. हे गाव बांधताना कृष्णवर्णीय मजुरांनीही घाम गाळला, पण राहायला घर फक्त गोऱ्या कुटुंबांना मिळालं. 'आदर्श वस्ती' म्हणताना हेही सांगायलाच हवं.