शीट म्हणजे शीड नाही! मग मराठीत काय म्हणायचं?

पहिलटकर_खलाशी:
नमस्कार मंडळी, नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीच्या जगप्रदक्षिणेच्या बातम्या वाचल्यापासून डोक्यात होतं, शेवटी गेल्या महिन्यात मुंबईत सेलिंगचा कोर्स लावला. दुसऱ्याच दिवशी वारा जोरात आला, बोट एका अंगावर कलली आणि इन्स्ट्रक्टर ओरडले "शीट सोड, शीट सोड!" मला वाटलं शीडच म्हणतायत, म्हणून मी दोन्ही हातांनी शीड धरायला गेलो आणि सगळे पाण्यात. नंतर कळलं शीट म्हणजे शीड ताणायचा-सैल सोडायचा दोर. खूप वाईट वाटलं, सोबतच्या एका मुलीच्या कोपराला लागलं त्यात. तर असे शब्द मराठीत आधीच असणार ना, आपल्याकडे एवढा किनारा आहे. पोर्ट, स्टारबोर्ड, टॅक, जाइब, या सगळ्याला काय म्हणतात? पुस्तकी नको, बोटीवर बोलतात तेच सांगा प्लीज.

मालवणकर:
दादा, लागलं त्या ताईला बरं वाटतंय ना आता? माझ्या आजोबांचा शिडाचा मचवा होता त्यामुळे कानावरचे शब्द सांगतो. उभी ती डोलकाठी, तिच्यावर तिरकी काठी चढवतात ती परबाण, शीड बांधतात ते परबाणाला. पुढचं टोक नाळ. छोट्या होडीला बाजूला लाकूड लावून तोल धरतात ती उलांडी. खोली मोजायला आजोबा शिसं बांधलेली दोरी सोडायचे आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून मोजत जायचे, एक वाव, दोन वाव, भिजलेली दोरी पायाशी पडत जायची. वाव म्हणजे साधारण ६ फूट, इंग्रजांचा फॅदम पण तेवढाच आणि तोही पसरलेल्या हातांवरूनच आलेला.

आणि टॅकचं म्हणाल तर आमच्या शिडाला तो प्रकार अवघडच. टॅक म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या अंगाला जायचं, पण आमची लांब परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते, म्हणून बहुतेक वेळा पाठीवर वारा घेऊन मोठा वळसाच मारायचे. तुमच्या बोटीवर पाठीवर वारा घेऊन वळलात की तोच जाइब, आडवी दांडी झपकन येते, डोकं खाली घ्या.

दर्यावरची_नोकरी:
मी मर्चंट नेव्हीत आहे. पोर्ट-स्टारबोर्डला डावं-उजवं म्हणून चालत नाही, कारण तुम्ही मागे तोंड करून उभे राहिलात की तुमचं डावं-उजवं बदलतं, बोटीचं बदलत नाही. नाळेकडे तोंड केलं की डावीकडे पोर्ट, तिथे लाल दिवा, उजवीकडे स्टारबोर्ड, तिथे हिरवा. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असायचं म्हणून ती सुकाणूची बाजू म्हणजे स्टारबोर्ड, आणि ते मोडू नये म्हणून धक्क्याला डावं अंग लावायचे, म्हणून ते पोर्ट. आधी पोर्टला लारबोर्ड म्हणायचे पण वादळात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली हुकूम काढून बदललं. तुमचं शीट-शीड तसंच झालं की! आपल्या जुन्या खलाशांच्या बोलीत स्टारबोर्डला जमना आणि पोर्टला डावा, जमना गुजरातीतल्या जमणावरून. शीटला दामण म्हणायचे.

खाडीकाठची:
हवा-पाण्याचे शब्द राहिले. रात्री-पहाटे जमिनीकडून येतो तो मतलई वारा, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा. अमावस्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं-उतरतं ते उधाण, अष्टमीच्या सुमारास कमी हलतं तो भांग. ज्या दिवशी भांग असेल त्या दिवशी प्रॅक्टिस करा, खाडीत ओढ कमी असते. मला मतलई हा शब्द फार आवडतो, शाळेच्या भूगोलात होता पण कळला बाबांबरोबर पहाटे होडीत बसल्यावर.

पहिलटकर_खलाशी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! हो, ती ताई आता ठीक आहे, सूज उतरली. आमच्या बॅचमध्ये सहा जण मराठी आहोत, इन्स्ट्रक्टरना विचारून "दामण सोड" सुरू करतो, शीडशी गोंधळ तरी नको. मालवणकर दादा, एक राहिलं, शीड खाली-वर करायच्या दोराला आजोबा काय म्हणायचे?