मदत हवी आहे: सिकलसेल (एसएस) असताना तिरंदाजीचा सराव वर्षभर कसा चालू ठेवावा?

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात राहते. मला सिकलसेल आहे. वाहक म्हणजे एएस (आई-वडिलांपैकी एकाकडूनच जनुक आलेले) नव्हे, तर एसएस, म्हणजे दोघांकडून जनुक येऊन प्रत्यक्ष आजार असलेली. हे आधीच सांगते, कारण ‘मलाही सिकलसेल आहे, तरी मी रोज धावतो’ असे सांगणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात वाहक असतात आणि त्यांचा अनुभव माझ्या फारसा कामी येत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिरंदाजी शिकू लागले आणि आता तिचे वेड लागले आहे. शाळेत खो-खोच्या वेळी मला गुण मांडायला बसवत, आणि त्यात गैर काही नव्हते. दमछाक झाली किंवा अंगातले पाणी कमी झाले, की या आजारातल्या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. तिरंदाजीत मात्र प्रत्यक्ष ताण काही सेकंदांचाच असतो, नंतर बाण आणायला सावकाश चालत जायचे असते, म्हणजे विश्रांती खेळातच आहे. शिवाय दोरी ओढून धरली असताना खांदा, पाठ, श्वास यांची मनातल्या मनात चाचपणी करावी लागते, आणि तसे करत राहणे आम्हा रुग्णांच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. मी भिल्ल समाजातली असल्यामुळे ‘तिरकामठा तुमच्या रक्तातच आहे’ असे कौतुक अधूनमधून होते. रक्तात आणखी काय आहे, ते मी त्यांना सांगत बसत नाही.

हायड्रॉक्सियुरिया (कळांचे झटके कमी करणारे औषध) आणि फॉलिक अ‍ॅसिड नियमित चालू आहे, रक्ताची तपासणीही वेळच्या वेळी होते. थकवा येण्याआधी थांबायचे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचे आणि ताप असेल तर धनुष्याला हात लावायचा नाही, या अटींवर डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. अडचणी त्यापुढच्या आहेत.

पहिली अडचण हवामानाची. आमचा सराव पहाटे असतो. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून येणारा गार वारा मला चालत नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळी आठनंतर मैदानावर उभे राहणेही धोक्याचे. कापसाचा हंगाम संपल्यावर जिनिंगचे एखादे रिकामे गोदाम मिळू शकेल आणि तिथे १८ मीटरचा सराव करता येईल, असे वाटते. पण पत्र्याचे छप्पर तापते, त्याचे काय करावे? आणि ३० व ५० मीटरच्या इंडियन राउंडसाठी (साध्या धनुष्याच्या भारतीय स्पर्धाप्रकारासाठी) १८ मीटरवरचा सराव कितपत पुरतो?

दुसरा प्रश्न खांद्याचा आहे, आणि खरी भीती त्याचीच वाटते. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून हाड मरते, आणि खुब्याखालोखाल खांद्याच्या हाडाचा गोळाही त्यात सापडतो. सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, त्यामुळे धनुष्याचे पाउंड (दोरी ओढायला लागणारा जोर) वाढवण्याआधी एमआरआय करून घेण्याचा माझा विचार आहे. प्रशिक्षकांना मी लवकर जड धनुष्य घ्यावे असे वाटते. वरून मी ठणठणीत दिसते, त्यामुळे माझे नाही म्हणणे त्यांना आळस वाटत असावे. कोणी पाउंड अगदी हळूहळू वाढवले असतील, तर किती महिन्यांत आणि कसे, ते सविस्तर सांगावे.

तिसरा प्रश्न आज घाईचा वाटेल, तरी विचारते. क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र कळांच्या झटक्यात, मला कधीकधी ट्रामाडोल हे वेदनाशामक दिले जाते, आणि ते १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) निषिद्ध यादीत आहे. रक्त चढवणे हीदेखील निषिद्ध पद्धतींत मोडते. त्यासाठी उपचारार्थ सूट घेता येते. राज्य पातळीवर खेळताना तुमच्यापैकी कोणी असा अर्ज केला आहे का, त्यासाठी कोणते कागद लागले, आणि क्रायसिस अचानक आल्यावर उपचारानंतर केलेला अर्ज मान्य झाला का?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, म्हणून पॅरा गटात खेळ, असा सल्ला कृपया देऊ नये. ते गट प्रामुख्याने हातापायांची ताकद आणि हालचाल यांवर ठरतात, रक्ताच्या आजारावर नाही. मला खुल्या गटातच उभे राहायचे आहे. खांद्यामुळे ज्यांना खेळ सोडावा लागला, त्यांनीही लिहावे. दुखणे पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या हालचालीत जाणवले, एवढे कळले तरी मला उपयोग होईल.